माल सोन्यासारखा, खोका मात्र फुकटचा

शेतकरी बंधूंनो, बागेच्या छाटणीपासून बेदाणा हातात येईपर्यंत तुम्ही काय काय सोसता हे आम्ही सांगायला नको. अवकाळी, डावणी, भुरी, मजुरांची टंचाई आणि शेवटी सौद्यात दराची घसरण. एवढ्यातून वाचलेला माल पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पाठवायची वेळ येते, तेव्हा मात्र आपण किराणा दुकानामागे पडलेला फुकटचा खोका उचलतो. इथेच घोळ होतो.

गेल्या पावसाळ्यात तासगाव भागातील एक तरुण बागायतदार आमच्याकडे रागारागाने आले. "माझा पाच किलो बेदाणा वाटेत नासवला, पेपरात छापा," म्हणाले. मुंबईच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांनी दाखवला. खोका एका कोपऱ्यात फाटलेला, आतली पिशवी उसवलेली, बेदाणा ओला होऊन त्याचा गोळा झालेला. आम्ही फोटो नीट पाहिला. खोका बिस्किटांचा होता. वर चिकटपट्टीची एकच ओळ. आत भाजीवाल्याकडची पातळ पिशवी, आणि खोका वरून निम्मा रिकामा. आम्ही म्हणालो, "दादा, हा खोका बिस्किटांसाठी केलेला. त्यात तुम्ही पाच किलो वजन घातलंत, वर पावसाळा. तो टिकणार कसा?" गडी गप्प झाला.

वाटेत पार्सल भिजले, आपटले, यात नेणाऱ्याची चूक नाही असे आम्ही म्हणत नाही. चूक आहेच, आणि त्याबद्दल पुढे बोलू. पण पाऊस आपल्या हातात नाही, थैली फेकणारा हातही आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे तो खोका, त्याची बांधणी आणि कोणत्या सेवेने पाठवायचे याची निवड. तेवढे तरी आपण नीट करतो का, हा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान वाटेल, पण लहान नाही. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूरच्या गुळाला ते २०१४ मध्येच मिळाले होते. म्हणजे नाव आहे, माल आहे, आणि मोबाइलमुळे गिऱ्हाईकही घरबसल्या मिळू लागले आहे. अडत नाही, तोलाई नाही, दलाल नाही. पण हे गिऱ्हाईक तुमची बाग पाहत नाही, तुमचे कष्ट पाहत नाही. त्याच्या दारात पोहोचतो तो फक्त खोका. पाच किलो बेदाण्याचे नुकसान एकदा सोसता येते. पण फुटका खोका पाहून ते गिऱ्हाईक, त्याचे शेजारी आणि त्याचे पाहुणे तुटतात, ते पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून आमचे म्हणणे असे की, खोक्याला वरखर्च समजू नका. खोका हा मालाचाच भाग आहे.

आता खोका निवडायचा कसा ते पाहू. पुठ्ठ्याचे खोके तीन थरांचे, पाच थरांचे, सात थरांचे असे मिळतात. दुकानदार त्यांना थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय म्हणतो. एक-दोन किलोचा सुका माल असेल तर तीन थरांचा कोरा खोका पुरतो. त्यापुढे वजन गेले, किंवा आत काचेची बाटली, मधाची बरणी असली, तर पाच थरांचाच घ्यावा. जुना खोका वापरूच नये असे नाही, पण दाबला गेलेला, भिजून वाळलेला, कोपरे मऊ पडलेला खोका वैरण झाकायला ठेवा, मालाला नको. जुना वापरलाच तर त्यावरचे आधीचे पत्ते आणि काळ्या पट्ट्यांचे बारकोड खरडून काढा. नाही तर तुमचे पार्सल भलत्याच गावची वाट धरायचे.

काही जण म्हणतील, सौद्यात पंधरा किलोचे बेदाण्याचे बॉक्स चालतातच की! चालतात. पण ते बॉक्स कोल्ड स्टोरेजला थप्पी लावायला आणि गाडीत भरायला असतात. चारी बाजूंनी दुसऱ्या बॉक्सचा आधार असतो. टपालात तुमचा खोका एकटा जातो. कधी वर लोखंडी सुट्टा भाग येतो, कधी खाली पुस्तकांचे गठ्ठे. त्याला स्वतःच्याच अंगच्या ताकदीवर टिकायचे असते.

पुठ्ठा म्हणजे शेवटी कागद. दमट हवेत तो पाणी ओढतो आणि मऊ पडतो. भर पावसाळ्यात त्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. म्हणून जून ते सप्टेंबर एक पायरी वरचा खोका घ्यावा आणि माल आत जाड, खाण्याच्या मालासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा. हळद पावडर असेल तर पिशवीत पिशवी, अशी दुहेरी. एक पुडा फुटला तर थैलीतल्या सगळ्या टपालाला हळद लागते, आणि ते लग्न कुणालाच नको असते! गूळ तर पावसाळ्यात नुसत्या हवेनेच पाघळतो. तो पाठवायचाच तर लहान ढेप, हवाबंद वेष्टण आणि वरून कागद. काकवी किंवा मध असेल तर झाकणाला पट्टी, बाटली वेगळ्या पिशवीत, भोवती कागदाचा जाड थर, आणि वर "ही बाजू वर" अशी खूण. वर्तमानपत्राचा कागद पोकळी भरायला जरूर वापरा, पण खाण्याच्या मालाला तो टेकू देऊ नका. छपाईची शाई पोटात जाणे बरे नव्हे, आणि अन्न सुरक्षा नियमांतही त्याला बंदी आहे. आमचा पेपर वाचून झाला की खोक्यात कोंबलात तर आमची काही तक्रार नाही!

भरून झाल्यावर दोन परीक्षा घ्या. खोका कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर पोकळी राहिली आहे, कागद आणखी घाला. मग कंबरेच्या उंचीवरून एकदा घरच्याच जमिनीवर सोडा. घरी फुटला तर वाटेत फुटणारच होता. घरी फुटला ते बरे झाले म्हणा. पट्टी दोन इंची रुंद वापरा. मधल्या जोडावर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, तळालाही तशीच. सुतळीने आवळून बांधायची आपली जुनी सवय आता सोडावी. सुतळी पुठ्ठ्यात रुतते आणि ओझे सरकवताना कुठेतरी अडकते.

दुसरी चूक खोक्याच्या आकाराची. "मोठा खोका बरा, सगळं मावतं," असे आपण म्हणतो. पण पार्सलच्या धंद्यात वजन दोन तऱ्हेने धरतात. एक काट्यावरचे आणि दुसरे जागेचे. प्रचलित हिशेब असा : खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे. येईल तेवढे किलो. समजा, दोन किलो बेदाणा ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात भरला. गुणाकार १५,०००, भागिले ५०००, म्हणजे तीन किलो. माल दोन किलोचा, पैसे तीन किलोचे! तोच माल २५ बाय २० बाय १५ च्या खोक्यात भरला तर जागेचे वजन दीड किलोच येते, आणि आकारणी काट्यावरच्या वजनावर होते. एक किलोचे भाडे वाचले आणि पोकळीही कमी झाली. पोस्टात किंवा कुरिअरकडे जाण्यापूर्वी त्यांचा हिशेब कोणता ते विचारून घ्या, आणि मगच खोके खरेदी करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होऊ देऊ नका.

आता सेवा. खिडकीवर जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माल किती दिवस टिकतो? हरवला तर किती नुकसान? आणि घेणारा तो कुठे घेणार, घरी की स्टँडवर? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सेवा ठरते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या तोंडी "रजिस्टर करा" हा शब्द बसला आहे. पण देशांतर्गत रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. स्पीड पोस्ट १९८६ पासून चालू आहे, ते काही नवे नाही. नवे एवढेच की १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टावरच जादा पाच रुपये आणि त्यावरचा कर भरून "नोंदणी" मागता येते. म्हणजे पार्सल ज्याच्या नावाचे त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्याच्या हाती पडावे. तेवढ्याच जादा पैशात मोबाइलवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय पार्सल न देण्याचीही सोय आहे. तेव्हा खिडकीवर नुसते "रजिस्टर" म्हणून गप्प बसू नका. "स्पीड पोस्ट, नोंदणीसह" असे स्पष्ट सांगा. सातबाराच्या वादातील हरकत, अपील, नोटीस असले कागद पाठवताना तर हे विसरूच नका. उद्या तहसिलात "मिळालंच नाही" असे कुणी म्हटले तर तुमच्या हातात पावती हवी.

मालाचे म्हणाल तर हळद, बेदाणा, डाळी असा टिकाऊ माल दोन दिवस उशिरा पोहोचला म्हणून बिघडत नाही. त्याला पोस्टाचे साधे, जमिनीवरून जाणारे पार्सल स्वस्त पडते. स्पीड पोस्टाने लवकर जाते. त्यात ३५ किलोपर्यंत वजन चालते, पण गावच्या शाखा डाकघरात एवढे जड पार्सल घेतीलच असे नाही, तेव्हा आधी चौकशी करा. शहरातल्या गिऱ्हाइकाला खासगी कुरिअर बरे पडते, कारण ते तालुक्याच्या ठिकाणी दुकानातून माल उचलतात. पण पार्सल खेड्यात जायचे असेल तर ते घरपोच देतात की तालुक्याला येऊन घ्या म्हणतात, हे पैसे देण्याआधी विचारा. पोस्टाची गोष्ट निराळी. देशात सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरे आहेत आणि त्यातली दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. वाडीवस्तीपर्यंत जाणारा दुसरा कुणी नाही. एसटीचे पार्सल जवळच्या शहरात लवकर पोहोचते, पण ते स्टँड ते स्टँड. घ्यायला माणूस जाणार असेल तरच. आणि अर्धा क्विंटलच्या पुढे माल गेला की ट्रान्सपोर्टला पर्याय नाही.

महाग माल असेल तर विमा उतरवा. डाकघर कायदा २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. १८९८ च्या जुन्या कायद्याप्रमाणेच यातही पोस्टाची जबाबदारी नियमांनी ठरवलेल्या मर्यादेपुरतीच आहे. म्हणजे विम्याशिवाय पाठवलेल्या दहा हजारांच्या मालाचे दहा हजार मिळतील, या भ्रमात राहू नका.

काही गोष्टी टपालाने पाठवूच नयेत. कीटकनाशकाची बाटली, मग ती अर्धी का असेना. पेट्रोल, फटाके, रोख पैसे. फवारणी पंपाची बॅटरीही खिडकीवर विचारल्याशिवाय खोक्यात घालू नका. ॲसिडची असो वा लिथियमची, तिच्यावर निर्बंध असतात. ताजी द्राक्षे पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. ती गाडीतही गारव्यावर जगतात, टपालाच्या थैलीत नव्हे. डाळिंब त्या मानाने तग धरते, पण तेही खोक्याला भोके पाडून, प्रत्येक फळ वेगळे गुंडाळून. मातीचा नमुना प्रयोगशाळेला पाठवायचा तर माती सावलीत वाळवून, सुमारे अर्धा किलो कापडी पिशवीत भरून, आत गट क्रमांक, नाव आणि पिकाची चिठ्ठी ठेवून पाठवा. रोगट पानांचा नमुना मात्र प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. तो वाटेतच सडतो आणि तपासणारा निदान तरी कशाचे करणार? कागदात गुंडाळा.

पत्त्याबद्दल दोन शब्द. आपण सवयीने "मु. पो." एकत्र लिहितो. पण वस्ती एका नावाची आणि पोस्ट दुसऱ्या गावात, असे आपल्याकडे कितीतरी ठिकाणी आहे. तिथे "मु." पुढे वस्तीचे नाव आणि "पो." पुढे डाकघराचे गाव, असे वेगळे लिहावे. तालुका, जिल्हा, मोबाइल क्रमांक आणि सहा आकडी पिन कोड हवाच. हा पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, आणि तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच कोकणचे. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव महाराष्ट्रात किती आहेत ते मोजायला बसू नका. यंत्र गावाचे नाव नव्हे, आकडा पाहते. आपल्याच जिल्ह्यात सांगली, मिरज, तासगावचा पिन ४१६ ने सुरू होतो तर विट्याचा ४१५ ने. "एकाच जिल्ह्यात तर आहे," असे म्हणून अंदाजाने लिहू नका. पत्ता जाड, न पुसणाऱ्या पेनाने लिहा, वर पारदर्शक पट्टी लावा आणि पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आतही टाका. वरचे लेबल गेले तरी पार्सल बेवारस होत नाही. पाठवणाऱ्याचा म्हणजे तुमचा पत्ताही लिहा, परत आले तर घरी यायला हवे.

पावती जपून ठेवा. तिच्यावर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. तो गिऱ्हाइकाला कळवा. खोका बंद करण्याआधी आणि बंद केल्यावर एकेक फोटो काढा. घेणाऱ्याला सांगून ठेवा, पार्सल फुटके दिसले तर घेण्याआधीच तसे लिहून घ्या. हे पुरावे असले तर पोस्टाच्या १८००-२६६-६८६८ या क्रमांकावर किंवा विभागीय कार्यालयात तक्रार करता येते. नुसते "माझा माल नासवला" म्हणून भागत नाही.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच), सहायक कृषी अधिकारी आणि बचत गटांच्या ताई, आता थोडे तुमच्याशी. एकट्या शेतकऱ्याला पाच थरांचे दहा खोके घ्यायचे तर महाग पडतात. कारखान्यातून तेच पाचशे घेतले तर दर उतरतो. गावात किती जण हळद, बेदाणा, गूळ पाठवतात ते पाहून दोन-तीन मापांचे खोके गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकत्र मागवावेत. एक काटा, एक टेप आणि चिकटपट्टीचे यंत्र ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवायला फार पैसा लागत नाही. शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडे असते. डाकपाल आणि डाकसेवक तुमच्याच गावचे असतात. त्यांच्याशी बोलून आठवड्याचा एक दिवस पार्सलचा ठरवावा आणि त्यांच्या वरिष्ठांना ग्रामसभेचा ठराव पाठवावा. खोकी एकदम आली की वरून गाडीची व्यवस्था मागायला तोंड राहते. प्रक्रिया केलेला माल विकणाऱ्यांना अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, तिची माहितीही त्याच दिवशी द्यावी.

पोस्टानेही ऐकावे. पार्सल पावसात उघड्यावर उतरवणे, थैली लांबून फेकणे, "काटा बिघडलाय, तालुक्याला जा" म्हणून शेतकऱ्याला परत पाठवणे, हे चालणार नाही. चिठ्ठ्या-पत्रे कमी झाली असे पोस्ट म्हणते. मग खेड्यातला हा माल त्यांच्या दारात चालून येत आहे, त्याला सांभाळून न्यावे. त्यात दोघांचेही पोट आहे.

तासगावच्या त्या तरुणाचे पुढे काय झाले? त्याने गिऱ्हाइकाला फोन करून चूक कबूल केली, पाच थरांच्या लहान खोक्यात दुहेरी पिशवीतून पुन्हा माल पाठवला आणि भाडे स्वतः सोसले. गिऱ्हाईक राहिले. दिवाळीला त्याच घरातून तीन खोक्यांची मागणी आली. या वेळी तो आमच्याकडे तक्रार घेऊन आला नाही. आला तो खोके कुठे स्वस्त मिळतात ते विचारायला. असे विचारणारे गावोगाव वाढावेत, एवढीच आमची इच्छा.